१९७४ चं पोर्तुगालचं युरोव्हिजन गाणं वाईट होतं म्हणून हरलं का? एका अरेंजरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की ६ एप्रिल १९७४ ला इंग्लंडात ब्रायटनला युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा, झालं, त्यात पोर्तुगालचं गाणं फक्त तीन मतं मिळवून तळाला गेलं, आणि त्यानंतर १८ दिवसांनी तेच गाणं लिस्बनच्या रेडिओवर वाजलं तो सैन्यातल्या बंडाचा पहिला इशारा होता, ज्या बंडाने जवळपास अर्धशतक चाललेली हुकूमशाही एका दिवसात पाडली. तर मग गाणं मुळात चांगलं होतं की टुकार, आणि एखादं गाणं देशाचं प्रतिनिधित्व करतं म्हणजे नक्की काय करतं? यातलं ऐकायला काय काय घ्यावं, असंही विचारलंय.

मी आयुष्यभर अरेंजिंग केलंय, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या चालीला इंट्रो, म्युझिक पीस, काउंटर मेलडी (मुख्य चालीला जोडून वाजणारी दुसरी चाल), व्हायोलिन सेक्शन हे सगळं लिहून द्यायचं काम, आणि मधूनमधून सुगम संगीताच्या स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसलोय, त्यामुळे दोन्ही खुर्च्यांवरून काय दिसतं ते सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाणं चांगलं होतं, अरेंजमेंट तर फारच चांगली होती. ते तळाला गेलं कारण त्या वर्षी मतं मोजायची जी पद्धत होती ती नेमकी अशा प्रकारच्या गाण्याला मारणारी होती. आणि रेडिओवर इशारा म्हणून ते निवडलं गेलं त्याची कारणं पूर्ण वेगळी आहेत, त्यांचा गुणांशी काहीच संबंध नाही.

गाण्याचं नाव 'ई देपोइश दु आदेउश', अर्थ साधारण 'आणि निरोपानंतर'. गायक पाउलो द कार्व्हाल्यो, संगीत जुझे काल्व्हारियोचं, शब्द जुझे निझाचे. काल्व्हारियो तेव्हा जेमतेम २२-२३ वर्षांचा पोरगा होता, हे मुद्दाम सांगतोय कारण त्या वयात एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी एवढं आवरून लिहिणं सोपं नसतं, तरुण अरेंजरला सगळी वाद्यं सगळीकडे वापरायची असतात. कार्व्हाल्यो आधी 'शेइक्स' नावाच्या पोर्तुगीज बीट ग्रुपमधे ड्रम वाजवायचा आणि गायचा, म्हणून त्याचं लयीत उशिरा पडणं आणि परत समेवर येणं इतकं सहज आहे. निझा पेशाने डॉक्टर, वसाहतींच्या युद्धात त्याला अंगोलात पाठवलं होतं आणि तिथून बायकोला लिहिलेल्या पत्रांतून या गाण्याचे शब्द आले. म्हणजे वरवर बघितलं तर प्रेमभंगाचं गाणं, पण ज्या देशात १९६१ पासून युद्ध चालू आहे आणि घरटी कोणी ना कोणी आफ्रिकेत गेलेलं आहे तिथे निरोप हा विषय कोणाला परका नव्हता.

७ मार्च १९७४ ला लिस्बनच्या मारिया मातोश थिएटरमधे राष्ट्रीय फेरी झाली, ती आरटीपी म्हणजे तिथला सरकारी टीव्ही भरवायचा, आणि हे गाणं जिंकलं. मग महिन्याभरात ब्रायटन.

आता मतांचं गणित बघा, कारण इथेच सगळी गोम आहे. आज आपण जे बघतो ते १२, १०, मग ८ पासून १ पर्यंत गुण, ही पद्धत १९७५ पासूनची. त्याच्या आधी दर काही वर्षांनी प्रयोग चालायचे. १९७१ ते ७३ प्रत्येक देशाचे दोन परीक्षक असायचे, एक पंचविशीच्या आतला आणि एक पुढचा, आणि ते प्रत्येक गाण्याला १ ते ५ गुण द्यायचे, म्हणजे कोणालाच शून्य मिळत नसे. १९७४ ला जुनी पद्धत परत आणली. प्रत्येक देशात दहा परीक्षक, आणि दहापैकी प्रत्येकाने फक्त एका गाण्याला एक मत द्यायचं, स्वतःचा देश सोडून. सतरा देश होते, म्हणजे एकूण १७० मतं. बस्स. दुसरा नंबर नाही, तिसरा नाही, काही नाही.

परीक्षक म्हणून बसल्यावर ह्यातला फरक फार लवकर कळतो. पंगतीतून उठलेल्या दहा जणांना विचारलं की आज सगळ्यात आवडलेला एकच पदार्थ सांगा, तर आठ जण गोडाचं नाव घेतील, आणि वरण-भात कोणीही सांगणार नाही, जरी तो सगळ्यांनी दोनदा मागून घेतला असला तरी. एकमताच्या पद्धतीत असंच होतं. जे गाणं दहाच्या दहा परीक्षकांना दुसऱ्या नंबरचं वाटतं त्याला शून्य, आणि जे आठ जणांना अजिबात आवडत नाही पण दोघांना वेड लावतं त्याला दोन. म्हणून तीन मतं ह्याचा अर्थ एवढाच की पोर्तुगाल सोडून बाकी सोळा देशांच्या १६० लोकांपैकी तिघांना ते त्या रात्रीचं सर्वात भारी गाणं वाटलं. उरलेल्या १५७ जणांना ते कसं वाटलं ह्याबद्दल तो आकडा एक अक्षर बोलत नाही. त्या रात्री तीन मतांवर अडकलेले चार देश होते, पोर्तुगाल, नॉर्वे, जर्मनी आणि स्वित्झर्लंड, आणि चौघांनाही चौदावा नंबर दिला. ह्याच पद्धतीने १९६९ ला माद्रिदमधे चार देश प्रत्येकी १८ मतांवर येऊन चौघेही विजेते झाले होते आणि त्यावरून एवढी नाराजी झाली की पुढच्या वर्षी काही देश आलेच नाहीत, त्यात पोर्तुगालही होता. एवढं होऊनही तीच पद्धत १९७० ला होती आणि मग ७४ ला परत आली, का कोण जाणे.

जिंकणारं गाणं कोणतं ते बहुतेकांना माहीत असेल, स्वीडनच्या आबा (ABBA) ह्या ग्रुपचं 'वॉटर्लू'. त्यालाही २४ मतंच होती, १६० पैकी २४. यजमान ब्रिटनच्या परीक्षकांनी त्याला एकही मत दिलं नव्हतं, आणि पुढे तेच गाणं ब्रिटनच्या चार्टवर एक नंबरला गेलं. तेव्हा परीक्षकांच्या आकड्यांवरून गाण्याची किंमत करणाऱ्यांनी ब्रिटनचं हे उदाहरण आधी बघावं.

मग बांधणी. मी ह्या दोन गाण्यांची तुलना शिकाऊ पोरांना करायला लावतो कारण दोन्ही एकाच रात्री, एकाच हॉलमधे, तीन मिनिटांच्या एकाच मर्यादेत वाजलीत. 'वॉटर्लू' पहिल्या बारपासून पूर्ण वेगात आहे, पियानो आणि सॅक्स ठेक्याला चिकटलेले, पहिल्याच ओळीत गाण्याचं नाव येतं आणि मग ते इतक्या वेळा येतं की भाषा न कळणाऱ्यालाही तोंडपाठ होतं. शब्द असा निवडलाय की युरोपातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत. गाणं स्वीडिशमधून इंग्रजीत आणलेलं, कारण १९७३ पासून स्वतःच्याच भाषेत गायची सक्ती उठली होती, आणि जर्मन नि फ्रेंचमधेही त्यांनी ते रेकॉर्ड केलं. कंडक्टर नेपोलियनचा वेष करून आला. आदल्या वर्षी ह्याच मंडळींचं 'रिंग रिंग' स्वीडनच्या राष्ट्रीय फेरीतच तिसरं आलं होतं, आणि ७४ ला सुद्धा त्यांच्याकडे एक सुरक्षित, संथ गाणं तयार होतं, पण त्यांनी मुद्दाम हे उसळतं गाणं पाठवलं. एकमताच्या पद्धतीत हाच निर्णय बरोबर असतो. सगळ्यांना थोडं आवडायला जाऊ नका, काहींना फार आवडा.

पोर्तुगालचं गाणं नेमकं उलट बांधलंय. सुरुवातीला आवाज जवळजवळ बोलल्यासारखा, खाली, स्वतःलाच प्रश्न विचारतोय, मी कोण, इथे काय करतोय, मला कोणी टाकून दिलं. ऑर्केस्ट्रा मागे नुसती हवा धरून बसलाय. मग हळूहळू स्ट्रिंग्ज (व्हायोलिन वगैरे) वर येतात, ओळी लांब होतात, आणि ब्रास (ट्रंपेट वगैरे पितळी वाद्यं) येतं ते गायक आधीच वर पोहोचल्यावर, त्याला ढकलत नाही, त्याच्याबरोबर उभं राहतं. ही जी शिस्त आहे ना, की क्लायमॅक्स ब्रासने आणायचा नाही तर गायकाने आणायचा आणि ब्रासने तो फक्त मोठा करायचा, ती मला फार आवडते, आणि आमच्याकडे चांगल्या भावगीताच्या अरेंजमेंटमधेही हीच शिस्त असते. पण हे गाणं पहिल्या ऐकण्यात पकडत नाही. त्याच्या नावातला निरोप जिथे शब्दांत येतो ती जागा उशिरा येते, आणि शब्द कळत नसतील तर पहिलं मिनिट म्हणजे एक माणूस हळू आवाजात काहीतरी सांगतोय एवढंच. आपल्या देशात बसून टीव्हीवर एकदाच ऐकून एकच मत देणाऱ्या स्वीडिश किंवा आयरिश परीक्षकाने त्याला पहिला नंबर का द्यावा?

त्यात क्रम वाईट मिळाला. पोर्तुगाल सोळावं गायलं, त्याच्या लगेच आधी स्वित्झर्लंडचं भावुक गाणं, लगेच नंतर इटलीची जिल्योला चिंक्वेत्ती, जी दहा वर्षांपूर्वी हीच स्पर्धा जिंकून गेलेली आणि सगळ्या युरोपला माहीत असलेली. तिचंही गाणं संथच होतं. संथ, भावुक गाणं ज्यांना हवं होतं त्यांची मतं तिच्याकडे गेली असणार असं माझं मत आहे, तिला १८ मतं पडली आणि ती दुसरी आली. एकाच जातीची दोन गाणी पाठोपाठ आली आणि एकच मत असलं की दुसऱ्यात जास्त ओळखीचा चेहरा असेल तर पहिलं गाणं पुसलं जातं, स्पर्धेत बसलेल्या कोणालाही हे विचारा. जाता जाता, त्या इटालियन गाण्याचं नावच 'सी' म्हणजे 'हो', आणि मे महिन्यात इटलीत घटस्फोटाच्या कायद्यावर हो-नाहीचं सार्वमत होतं, म्हणून इटलीच्या सरकारी टीव्हीने ती स्पर्धा तेव्हा दाखवलीच नाही. प्रेमाच्या गाण्याला सरकारं घाबरतात ती अशी, आणि पोर्तुगालमधे तर ते रोजचंच होतं.

आता देशाच्या प्रतिनिधित्वाकडे येतो. पोर्तुगालने पहिल्यांदा १९६४ ला भाग घेतला, कोपनहेगनला, आणि शून्य गुण मिळाले. त्या कार्यक्रमात एक माणूस थेट स्टेजवर चढला होता, फ्रँको आणि सालाझारवर, म्हणजे स्पेन आणि पोर्तुगालच्या तेव्हाच्या हुकूमशहांवर, बहिष्कार टाका असा फलक घेऊन. म्हणजे बाहेरच्यांच्या नजरेत ते गाणं आधी सालाझारच्या राजवटीचं होतं, मग गायकाचं. पण देशाच्या आत चित्र वेगळं होतं. वर्तमानपत्र, पुस्तक, नाटक, गाणं, सगळ्यावर सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरायची. अशा ठिकाणी वर्षातून एकदा सगळा देश टीव्हीसमोर बसून नवीन गाणी ऐकतो ही राष्ट्रीय फेरी म्हणजे फार मोठी गोष्ट होती, आणि चांगल्या कवींनी ते बरोबर ओळखलं. १९६९ ला सिमोन द ओलिव्हेराने जे गाणं गायलं त्यात मूल आनंदाने होतं, हौसेने होतं अशा अर्थाची ओळ होती, कवी आरी दुश सांतुश, आणि त्या कर्मठ वातावरणात त्यावरून केवढा गदारोळ झाला. माद्रिदला त्या गाण्याला फक्त चार मतं पडली आणि ती परत आली तेव्हा लिस्बनला तिच्या स्वागताला गर्दी लोटली. १९७३ ला त्याच कवीचं, फेर्नांदो तोर्दोने गायलेलं गाणं, वरून माणूस-बैलाच्या झुंजीचं वर्णन, आतून सगळ्या समाजव्यवस्थेची टिंगल, आणि सेन्सॉरमधून ते सुटलं कसं हे आजही लोकांना नवल वाटतं. युरोपात ते दहावं आलं. युरोपातल्या परीक्षकाला त्यात झुंज ऐकू आली, पोर्तुगीज घरात काय ऐकू आलं ते वेगळंच.

तर एकच गाणं एकाच वेळी दोन श्रोत्यांसमोर उभं असतं. परका माणूस त्याला चाल, आवाज, ताल म्हणून ऐकतो, त्याला मागचं काही माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. घरचा माणूस ते ऐकतो तेव्हा त्याच्या डोक्यात आख्खं वर्ष चालू असतं. प्रतिनिधित्व ह्या कामात हे दोन्ही येतं, पण गुण फक्त पहिल्या श्रोत्याचे मोजले जातात.

आता २४ एप्रिल. बंडाची आखणी करणारा मेजर ओतेलो सारायव्हा द कार्व्हाल्यो, गायकाचा कोणी नातेवाईक नव्हे, आडनाव तिकडे फार कॉमन आहे. बंडात भाग घेणाऱ्या तुकड्या वेगवेगळ्या बराकींत, सगळ्यांना एकाच वेळी कळायला हवं की ठरल्याप्रमाणे चालू आहे, तयार व्हा, आणि फोनवर बोलायची सोय नाही कारण गुप्त पोलीस ऐकताहेत. म्हणून रेडिओ. लिस्बनच्या एमिसोरेश असोसियादुश ह्या स्टेशनवर जुआंव पाउलो दिनिझ नावाचा निवेदक होता, तो तयार झाला. आधी झेका अफोन्सोचं गाणं लावायचा विचार होता, पण झेका म्हणजे राजवटीचा जाहीर विरोधक, त्याची कितीतरी गाणी बंदीच्या यादीत, ते अचानक लागलं असतं तर कोणाचेही कान टवकारले असते. त्यापेक्षा कार्व्हाल्योचं गाणं बरं, असं ठरलं. रात्री ११ ला पाच मिनिटं कमी असताना निवेदकाने वेळ सांगितली, गायकाचं आणि युरोव्हिजनचं नाव घेतलं, आणि रेकॉर्ड लावली.

ज्याने रेडिओसाठी काही काम केलंय त्याला ही निवड किती पक्की आहे ते लगेच कळेल. गाणं ताजं आहे, मार्च-एप्रिलमधे रोज वाजतंय, त्यामुळे ते ११ च्या सुमाराला वाजणं ह्यात कोणाला काही खटकायचं कारण नाही. प्रत्येक सैनिकाला ते ऐकून माहीत आहे, त्यामुळे ट्रान्झिस्टरवर खरखर असली तरी पहिल्या दोन ओळींत ओळखू येतं. शब्दांत राजकारण नाही, त्यामुळे बेत फसला, किंवा आयत्या वेळी रद्द झाला, तरी निवेदकावर बोट ठेवता येत नाही, त्याने सरकारी टीव्हीने निवडलेलं, देशाचं अधिकृत गाणं लावलं! सरकारचा शिक्का असलेलं गाणं सरकार उलथायला वापरलं, आणि ते शक्य झालं ते गाणं तसं निरुपद्रवी होतं म्हणूनच. युरोव्हिजनला जाण्याने त्याला जे मिळालं ते हे, सगळ्या देशाच्या कानात एकाच वेळी बसण्याची ओळख. मतं १३० मिळाली असती काय आणि तीन मिळाली काय, ह्या कामाला फरक पडला नसता.

त्या स्टेशनचा आवाका मात्र लिस्बनच्या आसपासचाच होता, म्हणून दुसरा इशारा लागत होता, देशभर पोहोचणारा. तो मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी रेडिओ रेनासेन्सावर लागला, आणि ह्या वेळी खरंच झेका अफोन्सो, 'ग्रांदोला, व्हिला मोरेना', जे त्या बंदीच्या यादीतून सुटलेलं होतं. ते गाणं वाद्यांशिवायचं आहे, खडीवर एका तालात पडणारी पावलं आणि पुरुषांचे आवाज, बस्स, १९७१ ला फ्रान्समधे रेकॉर्ड केलेलं. पहिला इशारा तयार राहा, दुसरा निघा. २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत पंतप्रधान मार्सेलो काएतानो शरण आला होता. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुलं खोचली आणि म्हणून नाव कार्नेशन क्रांती. पण अगदीच रक्त सांडलं नाही असं म्हणतात ते खरं नाही, गुप्त पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या त्यात चार माणसं गेली, त्यांना विसरू नये.

आता आपल्याकडचा धागा, तो ओढूनताणून आणलेला नाही. डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी सालाझारच्या राजवटीने ते कधी मान्य केलं नाही, उलट गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वाने शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम पाळला नाही म्हणून त्याला सैन्यातून काढून टाकलं. ही राजवट जाईपर्यंत कागदोपत्री ते भांडण तसंच लटकत होतं. क्रांतीनंतर आठ महिन्यांनी, ३१ डिसेंबर १९७४ ला, दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पोर्तुगालकडून सही मारियो सोआरेशची आणि भारताकडून आपल्या यशवंतराव चव्हाणांची, ते तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. गोवा मुक्त झाला तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही तेच होते. एका गाण्याने हे सगळं झालं असं मी अजिबात म्हणत नाहीये, गाण्याने बंड होत नसतं, १३ वर्षं युद्ध लढून दमलेल्या कॅप्टन-मेजर लोकांनी ते केलं. पण त्या रात्रीच्या पहिल्या खुणेशी आपला इतिहास जोडलेला आहे एवढं मराठी वाचकाने लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि अजून एक धागा अरेंजर म्हणून मला जवळचा. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत ज्यांनी नोटेशन लिहून ऑर्केस्ट्रा उभा केला ते बहुतेक गोव्याचे, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, आणि त्यांचं शिक्षण पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांमधे झालेलं, सोल्फेजो (नोटेशन वाचून गाणं), व्हायोलिन, क्वायर. काल्व्हारियोची स्ट्रिंग्ज ऐकताना मला परकं वाटत नाही त्याचं कारण हे असावं. व्हायोलिनची ओळ गायकाची ओळ संपल्यावर जिथे सुरू होते, ती जागा मी गोव्याच्या माणसांनी लिहिलेल्या कागदांवर कितीतरी वेळा पाहिलीय.

मग प्रश्न उरतो की असं हळू, स्वतःच्या भाषेतलं, घरच्या लोकांसाठी बांधलेलं गाणं युरोव्हिजनमधे कधीच जिंकू शकत नाही का. जिंकू शकतं, आणि जिंकलं, तेही पोर्तुगालचंच. १३ मे २०१७, किव्ह. साल्व्हादोर सोब्राल, गाणं त्याच्या बहिणीने लुइझा सोब्रालने लिहिलेलं, तीन मात्रांच्या ठेक्यातलं, जुन्या जॅझ वॉल्ट्झच्या चालीवर, स्ट्रिंग्जची अरेंजमेंट लुईश फिगेरेदोची. नाच नाही, आतषबाजी नाही, मोठ्या स्टेजवर सुद्धा उभा राहिला नाही, प्रेक्षकांच्या मधे जो छोटा गोल मंच होता तिथे गायला. ७५८ गुण, तोवरचे सगळ्यात जास्त, परीक्षकांतही पहिला आणि प्रेक्षकांच्या मतांतही पहिला. १९६४ पासून भाग घेणाऱ्या देशाचा हा पहिला विजय, त्याआधी त्यांचा सर्वात वरचा नंबर सहावा होता, १९९६ चा. त्याला हृदयाचा गंभीर आजार होता म्हणून किव्हमधे सुरुवातीच्या रिहर्सलना बहीण त्याच्या जागी उभी राहून गायली, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमधे त्याच्यावर हृदयप्रत्यारोपण झालं.

२०१७ च्या परीक्षकांचे कान १९७४ च्या परीक्षकांपेक्षा चांगले होते असं मला वाटत नाही. बदलली ती मोजणी. आता प्रत्येक देश दहा गाण्यांना गुण देतो, परीक्षकांचे वेगळे आणि प्रेक्षकांचे वेगळे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर सगळीकडे असलेलं गाणंही ढीगभर गुण गोळा करतं. शिवाय गाणी आठवडे आधी सगळ्यांना ऐकायला मिळतात, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात न पकडणाऱ्या गाण्याला दुसरं, पाचवं, दहावं ऐकणं मिळतं. ७४ च्या गाण्याला ह्यातलं काहीच मिळालं नव्हतं. एक गोष्ट मात्र गेली आणि त्याचं मला वाईट वाटतं, १९९९ पासून लाइव्ह ऑर्केस्ट्रा बंद आहे. किव्हला स्ट्रिंग्ज ट्रॅकवरून आली, लाइव्ह होता तो फक्त आवाज. ब्रायटनला काल्व्हारियो स्वतः कंडक्ट करत होता, अनोळखी इंग्लिश वादकांसमोर, थोडक्या रिहर्सलवर, आणि गायक जिथे ओळ लांबवतो तिथे ऑर्केस्ट्रा थांबून त्याची वाट बघतो, हे ट्रॅकवर होऊ शकत नाही.

ऐकायला आधी ब्रायटनचं लाइव्ह घ्या, हेडफोन लावून, आणि पहिल्यांदा गायकाकडे लक्ष न देता नुसतं ऑर्केस्ट्राने कुठे कुठे गप्प बसायचं ठरवलंय ते ऐका. मग स्टुडिओची रेकॉर्ड, जी २४ एप्रिलला रेडिओवर लागली, ती जास्त घट्ट आहे. मग त्याच संध्याकाळचं 'वॉटर्लू', मनात घड्याळ लावून, नाव कधी येतं ते बघा. मग 'ग्रांदोला'. आणि शेवटी १९७५ चं पोर्तुगालचं गाणं, 'मादृगादा' म्हणजे पहाट. ते क्रांतीबद्दलच आहे, सेन्सॉर नसताना पाठवलेलं पहिलं, आणि गाणारा दुआर्त मेंदेश हा स्वतः त्या बंडात सामील झालेला सैन्यातला कॅप्टन. त्याने स्टॉकहोमला ते गायलं, १२ गुणांची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली होती, आणि गाणं सोळावं आलं. चाल म्हणून मला ते ७४ च्या गाण्याइतकं आवडत नाही, पण गायकाचा चेहरा बघत ऐका.